सलाईन बंद करताना

"डॉक्टर, एक सलाईन लावून टाका ना, अंगात अजिबात त्राण नाही."

डोंबिवलीत ज्याने चार पावसाळे काढलेत त्याच्या कानावर हे वाक्य नक्की पडलेलं असणार. ताप येऊन गेला, सलाईन. मुलगा परीक्षेच्या आधी जेवत नाही, सलाईन. रोज लोकलला लटकून लटकून माणूस पिचला, सलाईन. त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकून बाटली पिवळी झाली तर उत्तमच, कारण पिवळी बाटली जास्त ताकदीची असते असा आमच्या आत्याचा ठाम समज आहे. (आत्या, वाचत असशील तर रागावू नकोस. तू एकटी नाहीस.)

खरं तर त्या बाटलीत असतं काय? अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. बस्स. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे एक बाटली लावली की जवळजवळ दिवसभराचं मीठ थेट शिरेत. ज्याला तोंडाने पाणी पिता येतंय त्याला लिंबू सरबत त्याहून बरं, आणि स्वस्तही. पण लिंबू सरबताला कुणी दोनशे रुपये देत नाही आणि त्याने बरं वाटल्याचं शेजारी सांगतही नाही. असो.

बाहेरच्या खोलीत हा विषय थट्टेचा आहे. आत, आयसीयूमध्ये, तो अजिबात थट्टेचा राहत नाही. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं, कारण घरच्यांना मी रात्रपाळीत नक्की काय करते हे कधी नीट सांगताच आलेलं नाही. तर मंडळी, बराचसा वेळ मी एकाच प्रश्नाशी झटापट करत असते : या माणसाला अजून पाणी देऊ की नको?

रक्तदाब पडला की हात आपोआप सलाईनकडे जातो. ही सवय फार जुनी आहे आणि उगाच पडलेली नाही. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावात थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने पटकीने सुकून गेलेल्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं आणि मरायला टेकलेली काही माणसं उठून बसली. जुलाब-उलट्यांनी ज्याचं पाणी गेलंय त्याला पाणी द्यायलाच हवं, याबद्दल आजही दुमत नाही. गोंधळ पुढे होतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रोग्याला पहिल्या सहा तासांत सपाटून उपचार केले, त्यात भरपूर सलाईनही आलं, तर जास्त माणसं वाचतात. मग सगळ्या जगात बाटल्या सुटल्या. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया इथल्या तीन हजारांहून जास्त तापाच्या मुलांवरचा अभ्यास आला. ज्यांना झपाट्याने सलाईन दिलं त्यांच्यात ४८ तासांत साधारण १०.५ टक्के मुलं गेली, ज्यांना तसं दिलं नाही त्यांच्यात ७.३ टक्के. (जुलाबाची मुलं या अभ्यासात नव्हती, हे महत्त्वाचं.) आम्हाला ज्याने माणूस वाचतो असं शिकवलं होतं त्यानेच मुलं जास्त दगावली. तो अभ्यास वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते.

मग लंबक उलट जायचा, तर तसंही झालं नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये सेप्टिक शॉकवरचे दोन मोठे अभ्यास आले. हात आखडून सलाईन द्या किंवा सढळ हाताने द्या, सरासरीत मृत्यूंचं प्रमाण सारखंच. पण सरासरी माणूस आयसीयूत कधी दाखल होत नाही. येतात ते कुणाचे तरी काका, कुणाची तरी आई, आणि त्यातल्या एकाला अर्धा लिटर तारतं तर शेजारच्या खाटेवरच्याला तेच अर्धा लिटर बुडवतं. रक्तदाब घसरलेल्या रोग्यांपैकी साधारण निम्म्यांचंच हृदय सलाईन दिल्यावर जास्त रक्त पुढे ढकलतं. उरलेल्या निम्म्यांत ते पाणी फक्त साठतं. धडधाकट माणसातसुद्धा लिटरभर सलाईनपैकी तासाभराने जेमतेम पाव लिटर रक्तवाहिन्यांत उरतं, बाकीचं झिरपून आजूबाजूला जातं. आजारी माणसाच्या वाहिन्या तर चाळणी झालेल्या असतात. झिरपलेलं पाणी पायात गेलं तर सूज दिसते, फुप्फुसात गेलं तर दम लागतो.

पूर्वी हे ओळखायचं कसं? जीभ कोरडी आहे का, कातडीची चिमटी काढल्यावर ती लगेच बसते का, मानेवरची शीर फुगलीय का, पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर फुप्फुसाच्या तळाशी केस चोळल्यासारखा आवाज येतो का, लघवी किती झाली. हे सगळं आजही करायचंच असतं, आणि चांगला डॉक्टर त्यावर बरंच काही ओळखतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रोगी पाहिले ते याच डोळ्या-कानांच्या जोरावर. दरदरून घाम, उलट्या, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. असा रोगी वरून बघितला तर सुकलेला वाटावा आणि आतून बुडत असावा! बावस्करांनी प्रॅझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरून ती माणसं वाचवली आणि १९८०च्या दशकात ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातून. मला या गोष्टीचा अजूनही अभिमान वाटतो, जणू काही मीच ते केलंय :)

पण सगळे बावस्कर नसतात. आम्ही शिकत होतो तेव्हा मानेतून हृदयाच्या तोंडाशी नळी घालून तिथला दाब मोजायचा आणि दाब कमी असला की सलाईन, जास्त असला की बंद, असा हिशेब होता. २००८ मध्ये आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून कुणीतरी तपासलं तर लक्षात आलं की या आकड्यावरून अंदाज बांधणं आणि नाणं उडवणं यात फारसा फरक नाही. इतकी वर्षं आम्ही तो आकडा दर तासाला तक्त्यात लिहित होतो.

सोनोग्राफी इथे आली. फुप्फुसाची सोनोग्राफी करता येत नाही असंच पुस्तकात होतं, कारण हवेतून त्या ध्वनिलहरी पुढे जातच नाहीत. पॅरिसजवळच्या एका आयसीयूत दानिएल लिश्टेनश्टाइन नावाच्या डॉक्टरने हट्टाने फुप्फुसं बघत बसायचं ठरवलं. कोरड्या, हवेने भरलेल्या फुप्फुसावर प्रोब ठेवला की पडद्यावर आडव्या रेघा दिसतात, एकाखाली एक, वहीच्या पानासारख्या. फुप्फुस ओलं झालं की वरून खालपर्यंत उभे झोत उमटतात, धूमकेतूच्या शेपट्यांसारखे. दोन बरगड्यांच्या फटीत असे तीन किंवा जास्त झोत, तेही दोन्ही बाजूंना, म्हणजे आत पाण्याचा मुक्काम आहे असं समजायचं. न्यूमोनियातही ते दिसतात, जुनाट फुप्फुसविकारातही दिसतात, त्यामुळे डोकं बाजूला ठेवून बघून चालत नाही. पण स्टेथोस्कोपला ऐकू येण्याच्या आधी ते दिसतात, आणि एक्स-रेसारखं रोग्याला हलवावं लागत नाही.

मग प्रोब बरगड्यांच्या खाली सरकवायचा. पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर, आम्ही तिला नुसतं आयव्हीसी म्हणतो. रोगी स्वतःचा स्वतः श्वास घेत असेल आणि श्वासागणिक ती चपटी होत असेल, तर आत जागा असावी. ती दोन सेंटिमीटरहून जाड आणि श्वासाने हलत नसेल, तर आत गर्दी. नवशिके डॉक्टर या एका शिरेवर फार लवकर भाळतात. व्हेंटिलेटरवर सगळं उलटं होतं, दम्याच्या रोग्यात वेगळंच होतं, पोट फुगलं असेल तर ती दिसतच नाही. मी त्यांना सांगते, नुसत्या आयव्हीसीवर निर्णय घेणं म्हणजे दारातल्या चपला मोजून घरात किती माणसं आहेत ते सांगणं. मला स्वतःला आवडतो तो पाय उचलण्याचा प्रयोग. रोग्याचे दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांत वर केले की पायांतलं साधारण ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. जणू उसनं सलाईन. त्याच वेळी सोनोग्राफीवर हृदयातून बाहेर पडणारा प्रवाह मोजायचा. तो दहा टक्क्यांहून जास्त वाढला तर बाटली लावायला हरकत नाही. नाही वाढला तर पाय खाली, उसनं परत, नुकसान काही नाही.

मागच्या काही वर्षांतल्या एका सप्टेंबरातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू, बीपीच्या जुन्या रोगी, डेंग्यू झाला म्हणून डोंबिवलीतल्या एका लहान नर्सिंग होममध्ये होत्या. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि रक्तदाबही उतरला. डेंग्यूत हे नेमकं असंच होतं, ताप गेला म्हणून घरचे हुश्श करतात आणि त्याच वेळी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास रक्तवाहिन्या गळू लागतात. तिथल्या डॉक्टरने सलाईन दिलं आणि ते अगदी बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांना दम लागू लागला म्हणून ठाण्याला हलवलं. शिळफाट्याला तासभर ॲम्ब्युलन्स अडकली, बाटली चालूच.

आमच्याकडे पोचल्या तेव्हा रक्तदाब नव्वदच्या आसपास, नाडी एकशेवीस, श्वास मिनिटाला चौतीस, लघवी जवळजवळ नाही. या आकड्यांवर कुणीही म्हणेल, पाणी कमी पडतंय, वाढवा. बरोबर आलेला मुलगाही तेच म्हणत होता. त्याने मोबाईलवर वाचलं होतं की डेंग्यूत भरपूर पाणी द्यायचं, आणि त्याने वाचलेलं चूक नव्हतं. त्याच्या पिशवीत किवी होते, पपईच्या पानांचा रस होता, आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "प्लेटलेट किती?" सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. मला मात्र हिमॅटोक्रिट बघायचा होता, म्हणजे रक्त किती दाट झालंय तो आकडा. तो ४८ वरून ३८ वर आला होता. याचे दोन अर्थ. एक, गळती थांबली आणि पाणी परत वाहिन्यांत येतंय. दोन, आत कुठेतरी रक्तस्राव होतोय. पहिल्यात सलाईन बंद करायचं, दुसऱ्यात रक्त चढवायचं. रात्रीचे दोन वाजलेले.

प्रोब लावला. पोटात थोडं पाणी होतं, डेंग्यूत असतं तितपत, पण रक्त साठल्यासारखं काही नव्हतं. हिमोग्लोबिन तासाभराने पुन्हा पाठवलं, तेवढंच आलं. हृदय आकुंचन नीट पावत होतं, पण भिंती जाड, बीपीने वर्षानुवर्षं ताठरलेल्या. आयव्हीसी दोन सेंटिमीटरहून जाड, ढिम्म. उजव्या फुप्फुसाभोवती पाण्याचा काळा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना उभे झोत इतके, की पडद्यावर पाऊस लागल्यासारखा. पाय उचलले, प्रवाह वाढला नाही.

मी सलाईन बंद केलं.

हे चार शब्द लिहायला सोपे आहेत. रक्तदाब नव्वद असलेल्या, लघवी न होणाऱ्या रोग्याची बाटली बंद करताना पोटात गोळा येतो. देणं नेहमी सोपं असतं, दिल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं. बंद करून ऑक्सिजनचा दाब देणारा मास्क लावायचा, रक्तदाबाचं औषध थेंबाथेंबाने सुरू करायचं आणि दर अर्ध्या तासाला येऊन बघत राहायचं. गळती अजून थांबली नसेल तर? मूत्रपिंडं कायमची बसली तर? याचं उत्तर मशीन देत नाही. ते फक्त एवढंच सांगतं की आत्ता या क्षणी अजून पाणी घालायला जागा नाही.

मुलगा चिडला. "मॅडम, तिकडे चालू होतं ते तुम्ही का बंद केलं? पैशांचा प्रश्न नाहीये." मी त्याला गाऊन घालून आत बोलावलं. आईच्या बरगड्यांवर पुन्हा प्रोब ठेवला आणि दाखवलं, हे काळं ते पाणी, हे झोत म्हणजे ओलं फुप्फुस. शेजारी माझ्याच छातीवर प्रोब ठेवून कोरडं फुप्फुस कसं दिसतं तेही दाखवलं. (हे मी बऱ्याचदा करते. माझी फुप्फुसं ठाणे जिल्ह्यात बरीच प्रसिद्ध आहेत.) तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे पाणी आहे, पण नको तिथे." यापेक्षा चांगलं मी सांगू शकले नसते. सकाळी रक्तदाब सावरल्यावर लघवीचं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत दीड लिटर लघवी झाली, तिसऱ्या दिवशी मास्क निघाला. आठव्या दिवशी काकू घरी गेल्या, किवी न खाता.

पण त्या रात्री आणखी एक गोष्ट झाली होती. मशीन ढकलत आत नेताना बाहेर बसलेले काका घाबरून म्हणाले, "सोनोग्राफी? अहो, तिचं वय काय!" सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण, आणि गरोदरपणाची सोनोग्राफी म्हणजे कुजबुज. आपल्याकडे या यंत्राचा इतिहासच तसा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये, तोही मुंबईतल्या स्त्री चळवळीच्या कार्यकर्त्यांनी रेटा लावला म्हणून. १९९४ मध्ये देशाचा कायदा आला, २००३ मध्ये तो कडक झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे राज्यात मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये तर ८०७. ज्या यंत्राने मी काकूंच्या छातीतला पाऊस बघितला, त्याच यंत्राने या मुली शोधून शोधून वगळल्या गेल्या.

म्हणून आयसीयूतल्या मशीनलाही नोंदणी लागते, दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी लागते, आणि २०१२च्या नियमांनुसार हातात नेता येण्याजोगं मशीन नोंदवलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. अपवाद नोंदणीकृत फिरत्या दवाखान्याचा, तोही अटी घालून. माझे काही सहकारी यावर वैतागतात. कागदपत्रांचा जाच खरा आहे आणि हृदय-फुप्फुसं बघणाऱ्या आयसीयूवाल्याला गर्भाशी काही देणंघेणं नाही हेही खरं. पण कायदा सैल करा, असं माझ्या तोंडून निघत नाही. ते आकडे सैलपणातूनच आले होते, आणि ते करणारे आमच्याच धंद्यातले होते.

याची किंमत मात्र शिळफाट्यावर मोजली जाते. नर्सिंग होममध्ये मशीन आहे, माझ्याकडे आहे, मधल्या रस्त्यावर नाही. २०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाल्यापासून डोंबिवली-ठाणे अंतर बरंच आटोक्यात आलंय, पण पलीकडे वाहतूक तुंबली की गाडी तिथेच उभी. अशा वेळी गाडीतल्या डॉक्टरला मी एक जुनी युक्ती सांगते. रोग्याच्या बोटाचं टोक दहा सेकंद घट्ट दाबून धरायचं, सोडायचं, आणि लाली परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांच्या आत आली तर आकड्यांना घाबरून बाटली धो धो सोडायची घाई नको. चिली आणि आसपासच्या देशांतल्या आयसीयूंत २०१९ मध्ये यावर रीतसर अभ्यास झाला, आणि ही फुकटातली तपासणी रक्ताच्या महागड्या तपासणीपेक्षा कमी ठरली नाही.

आणि घरच्यांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी, एक विनंती आहे. कल्याण-डोंबिवलीहून कुणाला ठाण्याला किंवा मुंबईला हलवायची वेळ आलीच, तर निघण्याआधी पहिल्या रुग्णालयातून एका कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या : गेल्या दोन दिवसांत किती बाटल्या गेल्या आणि लघवी किती झाली. फाईल मागून आली तरी चालेल, एक्स-रे गाडीत विसरले तरी चालेल. तो कागद खिशात ठेवा आणि आत शिरल्या शिरल्या जो डॉक्टर समोर येईल त्याच्या हातात द्या. प्लेटलेट मग विचारा.